संयुक्त प्रयोगाची एक रात्र

गेल्या कार्तिकातली गोष्ट. धानाची कापणी उरकत आली होती. अशा दिवसांत अर्जुनी-मोरगावच्या बाजूचे तीन तरुण आमच्या गोंदियाच्या घरी आले. त्यांपैकी एक आमचा जुना विद्यार्थी. त्यांच्या गावच्या मंडईला नाटक करावयाचे होते. नाटक तर दरसाल होतेच. परंतु या खेपेस त्यांच्या मनात वेगळा बेत होता. दहा-बारा वर्षे एकाच मंडळीत नायक व खलनायक म्हणून गाजलेले दोन गायक नट तीन वर्षांपूर्वी भांडून वेगळे झाले होते. दोघांनाही मागणी होती, दोघांनाही टाळ्या पडत होत्या. पण 'पूर्वीची मजा नाही' असे सारा गाव म्हणत होता. "सर, तुमच्या शब्दाला दोघेही मान देतात. एक पत्र लिहा. एका रात्रीपुरते तरी त्यांना एकत्र आणू," अशी त्यांची विनंती.

या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्या वनप्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर येथे गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वडसा हे या नाटकमंडळ्यांचे माहेरघर. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईकडील पुष्कळांस या रंगभूमीचे नाव प्रथमच कळले. मंडळ्या जुळणे आणि फुटणे हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

पत्र लिहिण्यापूर्वी आम्ही त्या तरुणांस एकच प्रश्न केला : "उत्पन्न कोणाचे?" ते जरा गोंधळले. नट गातील कसे, एकमेकांशी बोलतील की नाही, याचा विचार ते करून आले होते, पैशाचा नव्हे. आमचा प्रश्न व्यवहारी वाटला तरी तो आम्हांस इतिहासाने शिकविलेला होता. तो इतिहास येथे थोडक्यात मांडावा, असे वाटते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. तथापि मंडळी मोडली नाही. भाऊराव कोल्हटकरांचा कंठ तिला लाभला होता. १९०१ साली भाऊरावही गेले. मंडळी पुन्हा सावरली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण मंडळीत आला. त्यालाच पुढे अवघा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणू लागला. म्हणजे किर्लोस्कर मंडळीने संस्थापकाचा मृत्यू पचविला, पहिल्या गायकाचाही मृत्यू पचविला. तिला जे पचले नाही ते मरण नव्हे, वियोग होय.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस 'मानापमान' प्रथम झाले. नाटक काकासाहेब खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर आणि भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली, तरी त्यांनी प्रयोग होऊ दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. एवढ्या निष्ठेने ज्या मंडळीची पाठराखण केली, तीच मंडळी त्यांनी अवघ्या दोन वर्षांत सोडली. मध्यंतरी जोगळेकर वारले होते, आणि व्यवस्थापक शंकरराव मुजुमदारांशी मतभेद विकोपास गेले होते. १९१३ च्या जुलैत नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी उभारली.

या नावाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. जुन्या मंडळीचे नाव एका नाटककाराचे होते. तो दिवंगत झाल्यावरही ते नाव कोणा एकाच्या मालकीचे न राहता सर्वांचे झाले. नवे नाव मात्र हयात असलेल्या, रोज रंगभूमीवर उभ्या राहणाऱ्या एका गायकाचे होते. नावात असे मालकपण आले की भागीदारीचे काय व्हावयाचे ते ठरल्यासारखेच असते. काही वर्षांतच टेंबे बाहेर पडले व त्यांनी शिवराज मंडळी काढली. तिकडे किर्लोस्कर मंडळीने दीनानाथ मंगेशकर नावाचा कोवळा, तेजस्वी गळा मिळविला. पण १९१८ साली ज्या दाराने नारायणराव गेले होते त्याच दाराने दीनानाथही गेले आणि बळवंत संगीत मंडळी जन्मास आली.

फुटण्याने मराठी रंगभूमीचे नुकसानच झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९१६ चे 'स्वयंवर' आणि १९१९ चे 'एकच प्याला' ही गंधर्व मंडळीचीच देणगी. तीच गोष्ट केशवराव भोसल्यांची. लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत 'शारदे'ची भूमिका गाजविणाऱ्या या कोल्हापूरच्या मुलाने १९०८ साली हुबळीस ललितकलादर्श मंडळी स्थापली, आणि पुढे गंधर्वांच्या तोडीस तोड म्हणून महाराष्ट्रात त्याचेच नाव घेतले जाऊ लागले. घरोघर दोन पक्ष पडले : एक गंधर्वांचा, एक केशवरावांचा.

लोकमान्यांच्या निधनानंतर टिळक स्वराज्य फंड गोळा होऊ लागला, तेव्हा हे दोन पक्ष एका रंगमंचावर आले. ८ जुलै १९२१ च्या रात्री मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. भामिनी गंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. हे दोघे पूर्वी कधी एका मंडळीचे सोबती नव्हते, प्रतिस्पर्धी होते; म्हणून याला पुनर्मीलन म्हणता यावयाचे नाही. परंतु मंडळ्या फुटण्याच्या त्या काळात, फुटलेले सारे पुन्हा एक होईल काय, या लोकांच्या आशेस त्या रात्री एक रूप मिळाले. प्रयोग विलक्षण रंगला. आणि तीन महिने झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. ती रात्र साधली कशी? दोघांची मने एकाएकी निवळली म्हणून नव्हे. आमच्या मते ती साधली, कारण त्या रात्रीचे उत्पन्न दोघांपैकी कोणाचेच नव्हते. हिशेबाची वही तिसऱ्याच्या हाती होती. कोणाचे बिऱ्हाड मोठे, कोणाचे कर्ज अधिक, कोणाच्या नावावर तिकीट खपले, हे प्रश्न उत्पन्न होण्यास जागाच नव्हती. उरले ते केवळ गाणे. नाटकाचे नाव 'मानापमान' असावे, हा योगायोग आम्हांस नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे.

हा नियम मराठी रंगभूमीपुरताच नाही. इंग्लंडातील पिंक फ्लॉइड या रॉक वाद्यवृंदातून त्याचा एक प्रमुख गायक व गीतकार रॉजर वॉटर्स १९८५ साली बाहेर पडला. वृंदाचे नाव कोणी वापरावयाचे यावरून वाद विकोपास गेला. तो एकटा गात राहिला, उरलेले त्या नावाने गात राहिले, आणि जगभरचे चाहते पुनर्मीलनाची वाट पाहत राहिले. ते झाले २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, जगातील दारिद्र्याकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधण्यासाठी भरलेल्या विनामूल्य मेळाव्यात. तेथेही पेटी कोणाचीच नव्हती. चौघे मिळून चार-पाच गाणी गाइली. २००८ साली त्यांतील रिचर्ड राइट वारला आणि ती आशा कायमची मिटली.

याच्या उलट बाजूही पाहावी. गंधर्व मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. नारायणरावांनी लोकांची मदत न घेता खेळांच्या उत्पन्नातूनच तो फेडण्याचा बाणा धरला. पुढे बोलपट आला, आणि १९३४ च्या अखेरीस मंडळीचे काम थांबले. १९३५ च्या प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांची भूमिका केली. ज्यांनी त्यांना शालू-शेल्यात पाहिले होते त्यांना ते पुरुषवेषात परके वाटले, आणि प्रभातशी संबंध त्या एका चित्रपटापुरताच राहिला. १९३७ साली 'साध्वी मीराबाई' आला. मग ते पुन्हा मंडळीकडेच वळले. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी येऊन मिळाल्या, आणि नाटके पुन्हा सुरू झाली. गळ्यातले माधुर्य गेले नव्हते. परंतु टेंबे नव्हते, खाडिलकरांची नवी संहिता नव्हती, चुकले तर सुनावणारा बरोबरीचा कोणी नव्हता. एकट्याने मंडळी पुन्हा उभारावयाची म्हणजे स्वतःभोवती माणसे गोळा करावयाची; जुनी मंडळी मात्र एकमेकांस अडविणाऱ्या माणसांची होती, आणि तिची कांती त्या अडविण्यातच होती. १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १९६७ साली गंधर्व गेले. मधली वर्षे त्यांनी विपन्नावस्थेत काढली, हे महाराष्ट्राने विसरू नये.

हे सारे आम्ही त्या तरुणांस सांगितले आणि मग पत्र लिहिले. पत्रात मैत्रीचा उल्लेख केला नाही, जुन्या आठवणीही काढल्या नाहीत. एवढेच लिहिले की, गावच्या शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे टाकावयाचे आहेत, जमणारी सर्व रक्कम मुख्याध्यापकांच्या हाती जाईल, आणि जाहिरातीत नटांची नावे भूमिकांच्या प्रवेशक्रमाने छापली जातील. एकाचा होकार लगेच आला. दुसऱ्याने पहिल्या प्रवेशात कोण येतो, याची चौकशी केली. मग त्याचाही होकार आला.

आम्ही त्या रात्री गेलो होतो. थंडी कडाक्याची होती. माणसे घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत हलली नाहीत. तिसऱ्या अंकात दोघे समोरासमोर आले तेव्हा मंडपात जी शांतता पसरली, ती आम्ही विसरणार नाही. उजाडता दोघांच्या गाड्या दोन रस्त्यांनी निघून गेल्या.

"सर, पुढल्या वर्षी यांची एकच मंडळी करून टाकू या का?" आमच्या विद्यार्थ्याने विचारले. आम्ही म्हणालो, "बाबा, पुढल्या वर्षी शाळेला कुंपण लागेल ना? मग कुंपणासाठी बोलाव. मंडळीसाठी बोलावू नकोस."