दातातील मूलपेशींना जागे करणारी जनुके

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. कुरतडण्याने ते जितके झिजतात, तितकेच मुळाकडून नव्याने तयार होतात. माणसाच्या वाट्याला मात्र दातांचे दोनच संच आले आहेत. दुसरा गेला की कवळी बसवायची किंवा कृत्रिम दात रोवून घ्यायचा. तरीही दुरुस्तीची थोडीफार सोय आपल्या दातांतही आहे, आणि तिची सूत्रे काही जनुकांच्या हाती असतात.

दाताच्या सर्वांत बाहेरील कवचाला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. पण तो घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्याच्या सुमारास नाहीशा होतात. त्यामुळे एनॅमल एकदा गेले की गेलेच. त्याखालील दंतिनाचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दाताच्या पोकळीतील मऊ गराच्या कडेला जिवंत असतात आणि त्या मेल्या, तर गरातील मूलपेशी त्यांची जागा घेऊ शकतात. प्रौढांच्या अक्कलदाढेतून अशा मूलपेशी वेगळ्या केल्याचे अमेरिकेतील स्टॅन ग्रोन्थोस, साँगटाओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जाहीर केले. पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या असतात, हे २००३ मध्ये दिसून आले.

मूलपेशीत सर्वच जनुके असतात. त्यांपैकी कोणते केव्हा कार्यरत होते, यावर तिचे भवितव्य ठरते. दाताला इजा झाली की 'डब्ल्यूएनटी' नावाची संदेशवहनाची साखळी सुरू होते. तिला प्रतिसाद देणाऱ्या पेशींत 'ॲक्सिन-२' हे जनुक जागृत झालेले आढळते. याच पेशी पुढे दंतिन घडवू लागतात. त्या कामासाठी 'डीएसपीपी' हे जनुक लागते. त्यात जन्मतःच दोष असेल तर दात निळसर-तपकिरी दिसतात आणि लवकर झिजतात.

या साखळीला लगाम घालणारे जीएसके-३ हे विकरही पेशीत असते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल शार्प यांच्या गटाने २०१७ मध्ये नेमका हा लगाम सैल केला. अल्झायमरवर अजमावले गेलेले टिडेग्लुसिब हे औषध कोलॅजेनच्या बारीक स्पंजात भिजवून त्यांनी उंदरांच्या दाढांतील छिद्रांत बसविले. स्पंज हळूहळू विरघळला आणि त्याची जागा खऱ्याखुऱ्या दंतिनाने घेतली. सिमेंट भरून दात बुजविण्यापेक्षा ही कल्पना किती वेगळी आहे, हे सांगायला नको. २०१९ मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या बिंग हू यांच्या गटाने 'डीएलके-१' या जनुकाची कामगिरी उलगडली. मूलपेशींपासून झालेल्या नव्या पेशी या जनुकाद्वारे आपल्या मातृपेशींनाच उलट संदेश धाडतात आणि आणखी किती पेशी हव्यात, याचे नियंत्रण करतात.

अर्थात उंदराची दाढ इवलीशी, माणसाच्या दातातील कीड कितीतरी मोठी. शिवाय दंतिन भरले तरी वरचे एनॅमल परत येत नाही. तिथे दंतवैद्याचे भरण लागणारच. माणसांवरील एक महत्त्वाचा प्रयोग २०१८ मध्ये चीनमधून प्रसिद्ध झाला. अपघाताने ज्यांच्या पुढच्या दाताचा गर मेला होता, अशा मुलांच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातांतील मूलपेशी बसविण्यात आल्या. वर्षभराने तेथे रक्तवाहिन्या आणि संवेदना असलेला गर पुन्हा तयार झालेला आढळला. एरवी रूट कॅनाल केलेल्या दातात ही संवेदना कायमची हरपते.

अशा बातम्यांमुळे मुलांचे पडलेले दात 'भविष्यासाठी' पैसे भरून गोठवून ठेवण्याचा मोह पालकांना होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्याकडे फक्त नाळेतील रक्ताच्या साठवणुकीला परवानगी आहे. दातांतील पेशींच्या व्यावसायिक साठवणुकीला ती तत्त्वे मान्यता देत नाहीत.