गोंयचो सायब

आमच्या वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर आहे. गावाच्या नावातच पीर आहे. हजरत दादा हयात कलंदर यांच्या मजारवर येणाऱ्यांत मुसलमान किती आणि हिंदू किती, हे कोणी मोजत बसत नाही. म्हणून गोव्याच्या ‘सायबा’ची हकीकत आम्हा वऱ्हाडच्या माणसांना फारशी परकी वाटू नये. ‘गोंयचो सायब’ म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. ‘सायब’ हा शब्दही आपल्या ओळखीचाच, अरबी ‘साहिब’.

झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर वारले. हाडे लवकर मोकळी व्हावीत म्हणून कबरीत चुना टाकला होता. दोन-अडीच महिन्यांनी कबर उघडली तेव्हा देह ताजा होता, असे भाविक मानतात. मलाक्कामार्गे तो १५५४ मध्ये गोव्यात पोहोचला. १६१४ मध्ये जेझुइट पंथप्रमुखाच्या हुकमाने उजवा हात कोपरापासून कापून रोमला नेण्यात आला. मय्यतीची विटंबना आपल्याकडे हराम, त्यामुळे हे वाचताना अंगावर काटा येतो. कॅथोलिकांच्या दृष्टीने मात्र संताचे अवशेष म्हणजे कयामतीला उठणाऱ्या पवित्र देहाचा अंश. इबादत ईश्वराचीच, संताचा फक्त आदर आणि त्याच्याकडून सिफारिश, असे चर्च सांगते. तबर्रुक आणि वसीला यांवरचे आपल्यातले वाद ऐकलेल्या वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगायला नको.

या शवपेटीचा सत्तेशीही संबंध आला. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला आणि गोवा शहर हादरले. व्हाइसरॉय कोंदे द अल्वोर बॉम जेझू चर्चमध्ये गेला, शवपेटी उघडून त्याने आपला राजदंड संताजवळ ठेवला आणि राज्य तुम्हीच सांभाळा, अशी विनवणी केली. पुढे मराठे परतले. पोर्तुगिजांनी त्याला संताची करामत म्हटले. मराठे परतले ते औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठे सैन्य घेऊन घाट उतरला म्हणून! करामतीचे श्रेय असे कोणाकोणात वाटले जाते, हे पाहून गंमत वाटते. नवा व्हाइसरॉय संताच्या समाधीपाशी येऊन राजदंड स्वीकारी, ही प्रथा मात्र पुढे टिकली.

१७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हाकलले. जाताना त्यांनी देह पळविला, अशी अफवा उठली. ती खोडण्यासाठी १७८२ मध्ये तो लोकांना उघडा दाखविण्यात आला. आज दर दहा वर्षांनी होणाऱ्या दर्शन-सोहळ्याचे मूळ या अफवेत आहे.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. याच झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितले होते. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आले आणि १८१२ पर्यंत माणसांना छळत राहिले. इतिहास शिकविणाऱ्याने हे पत्र झाकू नये. पण त्याचा हिशेब शवपेटीसमोर मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीकडे मागणे आम्हाला अन्याय वाटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशी जाहीर मागणी झाली आणि गोव्यात लोक रस्त्यावर उतरले. डिसेंबर १९६३ मध्ये हजरतबलचा मू-ए-मुबारक नाहीसा झाला तेव्हा काश्मीर कसे पेटले होते, हे आठवणाऱ्यांना त्या संतापाचा अर्थ कळेल.

त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात सोहळा पार पडला. नेहमीप्रमाणे त्या रांगेत हिंदू गोवेकरही होते.