पुण्याची टीम दिल्लीला कशी पोचली?

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक बातमी आली होती. आपल्याकडे ती फार कुणी वाचली नसावी. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधला हैदराबाद एफसी हा क्लब आपलं शहर सोडून दिल्लीला गेला आणि त्याचं नाव झालं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. हैदराबादचे पाठीराखे हळहळले, दिल्लीवाल्यांनी स्वागत केलं, विषय संपला.

पण ही टीम मुळात हैदराबादचीही नव्हती. ती जागा पुण्याची. २०१४ ते २०१९ बालेवाडीत खेळणारी एफसी पुणे सिटी, तीच पुढे हैदराबाद, तीच आता दिल्ली. बारा वर्षांत तीन शहरं. बदलीच्या नोकरीतला सरकारी अधिकारीसुद्धा एका गावात याहून जास्त टिकतो.

हे सगळं पनवेलकरांना कशाला, असं कुणी विचारेल. सांगतो. ज्या लीगमध्ये हे घडलं तिचे पहिले दोन हंगाम आपल्या दारात झाले. २०१४ आणि २०१५ ला मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान होतं नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. पनवेलहून हार्बरला बसायचं, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि उतरायचं. नावात मुंबई असलं तरी मॅचला जाणं आपल्यालाच सोपं होतं. १८ ऑक्टोबर २०१४ ला तिथेच मुंबईने याच पुणे सिटीला ५-० असं धुतलं. आंद्रे मॉरित्झने तीन गोल मारले, आयएसएलमधली ती पहिली हॅटट्रिक. पुढच्या वर्षी सुनील छेत्रीने नॉर्थईस्टविरुद्ध तीन मारले, भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक. तीही नेरुळलाच.

आता आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आयएसएल सुरू झाली तेव्हा आठ शहरांच्या नावाने आठ जागा काढल्या. त्या जागा पैसेवाल्यांनी घेतल्या, दरवर्षी त्याची कोट्यवधींची फी. करार कुणाचा? मालकाचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा. शहराचं नाव जर्सीवर असतं, पण करारावर शहराची सही नसते. महापालिकेची नाही, राज्याच्या फुटबॉल संघटनेची नाही, आणि तिकीट काढून येणाऱ्यांची तर नाहीच. मालकाला ती जागा दुसऱ्याला द्यायची असेल आणि लीगची हरकत नसेल, तर शहराला कळतं ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

पुणे सिटीचे मालक होते वाधवान ग्रुप, म्हणजे डीएचएफएलवाले. सोबत हृतिक रोशन, नंतर अर्जुन कपूर. टीम सुरुवातीला यथातथाच होती, पण २०१७-१८ चा हंगाम छान गेला. मार्सेलिनो आणि अल्फारो ही जोडी फॉर्मात होती. टीम पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचली. बालेवाडीत ०-० झाली आणि बंगळूरमध्ये छेत्रीने एकट्याने तीन गोल मारून पुण्याचा निकाल लावला. ऑरेंज आर्मी नावाचा पाठीराख्यांचा गट तेव्हा चांगला जमला होता. ढोल, बॅनर, भगव्याकडे झुकणारा नारिंगी रंग. पुण्यात फुटबॉलला गर्दी होत नाही म्हणणाऱ्यांनी त्या वर्षीचं बालेवाडी आठवून बघावं.

त्यानंतर दीड वर्षात खेळ खल्लास. २०१९ हे डीएचएफएल कोसळण्याचं वर्ष. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कंपनीचं संचालक मंडळच बाजूला केलं. पण क्लब त्याआधीच गेला होता. ऑगस्टच्या शेवटी विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरनेनी यांनी ती जागा घेतली आणि हैदराबाद एफसी जाहीर झाली. पुण्याचे बरेच खेळाडूही तिकडे गेले. पुण्यात राहिलं ते पाठीराख्यांच्या कपाटातल्या जर्सी.

गंमत बघा, त्याच महिन्याच्या अखेरीस दिल्लीचा क्लबही हलला. दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेली आणि ओडिशा एफसी झाली. तिथे कारण वेगळं होतं. ओडिशा सरकार खेळात पैसा ओतत होतं, कलिंगा स्टेडियम तयार होतं, आणि दिल्लीत मालकांना तोटाच दिसत होता. म्हणजे पुण्याच्या मालकाला जावं लागलं, दिल्लीच्या मालकाला कुणीतरी बोलावलं. पाठीराख्याच्या दृष्टीने फरक शून्य. दोन्हीकडे त्याला विचारलं कुणीच नाही.

पण पुण्याचा इतिहास फक्त या एका क्लबचा नाही, आणि मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. पुण्यात आधी होता पुणे एफसी. २००७ साली अशोक पिरामल ग्रुपने काढलेला, व्यवस्थित चालवलेला, स्वतःची अकादमी असलेला क्लब. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ ला बंद. त्याच सुमारास कल्याणी ग्रुपने भारत एफसी काढला, एक हंगाम खेळला, शेवटून पहिला आला, बंद. मग पुण्यातल्या जुन्या शिवाजियन्सला डीएसकेंचं नाव आणि पैसा मिळाला, आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला, दोन हंगाम झाले. डी. एस. कुलकर्णींचा धंदा अडचणीत आला, २०१८ च्या फेब्रुवारीत ठेवीदारांच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. क्लब त्याआधीच थांबला होता. २०१४-१५ च्या हंगामात एकट्या बालेवाडीत तीन प्रोफेशनल क्लब खेळत होते. पाच वर्षांनी एकही नाही.

चार क्लब, चार मालक. यातला कुठला क्लब मॅच हरल्यामुळे बंद पडला? एकही नाही. भारत एफसी शेवटची आली खरी, पण थेट प्रवेशामुळे तिला खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलणारच नव्हते. प्रत्येक वेळी निर्णय झाला तो मालकाच्या बाकीच्या हिशेबात. पिरामल आणि कल्याणींना आय-लीगमध्ये भविष्य दिसेना, कारण सगळा झोत आयएसएलवर गेला होता. डीएसके आणि वाधवान यांचा मूळ धंदाच बुडाला.

मुंबईचंही वेगळं नाही, फक्त जुनं आहे. कूपरेजवर रोव्हर्स कप रंगायचा तेव्हा मुंबईच्या टीम कंपन्यांच्या असायच्या. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी मिळायची, संध्याकाळी सराव. गिरण्या गेल्या, तशा त्यांच्या टीमही गेल्या. महिंद्रा युनायटेड त्यातल्या त्यात मोठी. १९६२ पासूनचा क्लब, २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं की आता शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर खर्च करू, आणि क्लब बंद केला. कंपनी बुडाली नव्हती, टीम वाईट नव्हती. कंपनीचा विचार बदलला, एवढंच. मुंबई एफसी तर आणखी विचित्र. एस्सेल ग्रुपची टीम, पण कूपरेजचं काम चालू म्हणून घरच्या मॅच पुण्यात बालेवाडीला. यलो ब्रिगेड म्हणवणारे पाठीराखे घरची मॅच बघायला घाट चढून जायचे! २०१७ ला टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली आणि मालकांनी कुलूप लावलं.

आणि आपलं नेरुळ? २०१६ ला मुंबई सिटी अंधेरीच्या मैदानात गेली. क्लबच्या बाजूने बघितलं तर बरोबर होतं. डी. वाय. पाटील क्रिकेटसाठी बांधलेलं, अवाढव्य, प्रेक्षक मैदानापासून लांब, आणि दहा हजार लोक आले तरी रिकामं वाटणारं. अंधेरीला छोटं मैदान, गोंगाट अंगावर येतो. वेस्ट कोस्ट ब्रिगेड तिथेच वाढली, टीमही त्या वर्षी पहिली आली. पण पनवेल, कळंबोली, कामोठ्याच्या पोरांसाठी अर्ध्या तासाची मॅच दीड-दोन तासांवर गेली. रात्री साडेनऊला मॅच सुटल्यावर आझाद नगरहून पनवेल गाठून बघा. शहराचं नाव तेच राहिलं म्हणून याला कुणी स्थलांतर म्हटलं नाही. आपल्यापैकी बरेचजण मात्र तेव्हापासून टीव्हीवरच आहेत.

जाता जाता: हे आपल्याकडे आधी क्रिकेटमध्येही झालंय. २०११ ला सहाराची पुणे वॉरियर्स आयपीएलमध्ये आली तेव्हा गहुंजे तयार नव्हतं, म्हणून पुण्याच्या टीमचं ‘होम ग्राउंड’ नेरुळ होतं. २०१३ नंतर ती टीमही गेली.

हैदराबादचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. पहिल्या वर्षी शेवटचा नंबर. मग मानोलो मार्केझ प्रशिक्षक आले आणि २० मार्च २०२२ ला टीम चक्क चॅम्पियन झाली, केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून. पण कोविडमुळे ते दोन हंगाम सगळेच गोव्यात झाले होते. म्हणजे हैदराबादची टीम चॅम्पियन झाली ती हैदराबादमध्ये एकही मॅच न खेळता. वर्ष-दीड वर्षात पगार थकले, फिफाने नवीन खेळाडू घ्यायला बंदी घातली, चांगले खेळाडू सोडून गेले. २०२४ ला जिंदाल ग्रुपने क्लब घेतला आणि पुढच्या वर्षी दिल्लीला नेला. विजेत्याच्या कपानेही टीमला शहरात बांधून ठेवलं नाही, हे मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. जिंकत राहा, लोक येतील, क्लब टिकेल, असं आपल्याला कायम सांगतात ना?

मग पाठीराख्यांच्या हातात काहीच नसतं का? असतं, पण त्याला वेळ लागतो. २०२० ला कोलकात्याच्या एटीकेच्या मालकांनी मोहन बागानसोबत एकत्र येऊन नाव ठेवलं एटीके मोहन बागान. १८८९ चा क्लब, त्याच्यापुढे सहा वर्षांच्या टीमचं नाव! पाठीराख्यांनी ‘एटीके काढा’ हा धोशा तीन वर्षं सोडला नाही. मोर्चे, बॅनर, बहिष्कार सगळं केलं. मार्च २०२३ ला टीम आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी एटीके नाव काढल्याचं जाहीर केलं. मालक तेच, पैसा तोच. पण समोर आजोबा-पणजोबांपासूनचे सभासद होते.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनचं याहून वाईट झालं. १९८८ ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. त्यांना नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, तीन जणांच्या समितीत दोन विरुद्ध एक मतांनी. पाठीराख्यांनी त्याच २००२ सालात नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. मैदानात खुली निवड चाचणी घेऊन टीम उभी केली, नवव्या पायरीपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत व्यावसायिक लीगमध्ये, आणि २०२० ला आपल्या जुन्या मोहल्ल्यात, प्लाउ लेनला परत.

अमेरिकेत तर टीम हलवणं हा जुना धंदा आहे, तिथलं फुटबॉल वेगळं असलं तरी. १९९५ ला क्लीव्हलँड ब्राउन्सच्या मालकाने टीम बाल्टिमोरला न्यायचं ठरवलं. पण स्टेडियम शहराचं होतं आणि भाडेकरार अजून संपला नव्हता. शहर कोर्टात गेलं. तडजोड अशी झाली की मालक आणि खेळाडू जातील, पण नाव, रंग आणि आधीचा सगळा इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहील. १९९९ ला त्याच नावाची टीम शहरात परत उभी राहिली. लक्षात घ्या, तिथे आंदोलनाच्या जोडीला शहराच्या हातात एक कागद होता.

आपल्याकडे बालेवाडी कुणाचं? सरकारचं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं. तीन-तीन क्लब तिथे खेळले आणि गेले.

महाराष्ट्रात एकच गाव आहे जिथे टीम कुठेही जात नाहीत, ते म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. या तालमी आणि मंडळं आहेत, कुणा कंपनीच्या टीम नव्हेत. वर्गणी पेठेतून, पोरं पेठेतली, आणि हल्ली आफ्रिकेतले खेळाडूही आणतात, त्यांचा खर्चसुद्धा पेठ उचलते. शाहू स्टेडियमवर भांडणं होतात, मॅच थांबवाव्या लागतात, सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. पण शिवाजी तरुण मंडळ हैदराबादला विकायचं असं कुणी म्हणालं तर शिवाजी पेठेत त्याला चहासुद्धा मिळणार नाही. अनिकेत जाधव, जो २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो कोल्हापूरचाच.

आपल्याकडे खारघरला सिडकोने फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स उभं केलंय. नेरुळला मुलांच्या आणि मुलींच्या विश्वचषकाच्या मॅच झाल्या, २०२२ ची मुलींची फायनलसुद्धा. आज ना उद्या कुणीतरी पैसेवाला येईल आणि ‘नवी मुंबई’ किंवा ‘पनवेल’ नावाची टीम काढेल. काढू दे, मी स्वतः पहिलं तिकीट घेईन. पण सार्वजनिक जमिनीवरचं मैदान देताना सिडकोने आणि आपल्या महापालिकेने करारात चार ओळी लिहाव्यात. गावाचं नाव, चिन्ह आणि रंग गावाच्या मालकीचे राहतील. टीम हलवायची तर एक वर्ष आधी सांगावं लागेल. स्थानिक मुलांच्या टीम बंद करता येणार नाहीत. पाठीराख्यांचा एक माणूस क्लबच्या बैठकीत बसेल. जर्मनीत तर क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच ठेवावी लागतात, आपण त्याच्या दशांशसुद्धा मागत नाही.

हे लिहितोय त्याला आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीवाल्यांनी, मुंबई सिटीतला आपला ६५ टक्के हिस्सा सोडला. क्लब पुन्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे आला. त्याच महिन्यात लीग चालवण्याचा पंधरा वर्षांचा करारही संपला. दोनदा लीग कप आणि दोनदा शिल्ड जिंकलेली ही टीम. आज ती अंधेरीत आहे.

२०१४-१५ ला नेरुळला कोण कोण गेलं होतं? तिकिटं, फोटो असतील तर खाली टाका. आणि पुण्यातले ऑरेंज आर्मीवाले कुणी ओळखीत असतील तर त्यांना टॅग करा, बालेवाडीच्या शेवटच्या हंगामाबद्दल त्यांच्याकडून ऐकायचंय.