तुतीचं खातं कुणाच्या नावे?

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा नावावर विश्वास उरत नाही. आमच्या पहूरच्या शाखेत एकाच नावाचे चार पाटील आहेत. चौघांच्या वडिलांची नावंही एकच, आणि त्यातल्या दोघांच्या म्हशीही एकाच योजनेतून आलेल्या. उलट एक सद्गृहस्थ असे आहेत, की बचत खात्यावर एका नावानं, पीककर्जाला दुसऱ्या नावानं आणि जामीनदार म्हणून सापडलेच तर तिसऱ्याच नावानं सापडतात. म्हणून बँक नमुना सही घेऊन ठेवते. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा. माणूस काय वाटेल ते सांगेल, अंगठा बापडा खोटं बोलत नाही.

झाडांना अंगठा नसतो, त्यामुळे त्यांच्या नावांचा घोळ आमच्या चार पाटलांपेक्षाही जुना आहे. त्यातही तुतीच्या खात्यात जेवढा घोटाळा आहे तेवढा मी कुठल्याच लेजरमध्ये पाहिलेला नाही. मी बी. कॉम.चा माणूस. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध मंडईच्या पिशवीपुरता. पण घोटाळा म्हटला की आमच्यासारख्याला तो मुळापर्यंत जाऊन बघावासा वाटतोच.

तुतीची खाती रीतसर उघडली ती स्वीडनच्या लिनीयसनं, 1753 साली. एक पांढरी तुती, एक काळी, एक तांबडी आणि एक 'इंडिका', म्हणजे आपली हिंदुस्थानी. वाचायला किती छान! पण पांढऱ्या तुतीखाली जाऊन उभं राहावं तर शर्टावर जांभळे डाग पडतात. पांढऱ्या तुतीचं फळ पांढरं असतं, गुलाबी असतं, जांभळं असतं आणि चक्क काळंही असतं. काळी तुती हे निराळंच झाड, पश्चिम आशियाकडचं. तिचंही फळ काळंच. म्हणजे काळं फळ हातात धरून 'ही काळी तुती' असं म्हणणं हे पांढरा सदरा बघून 'हे पुढारी' म्हणण्याइतकंच धाडसाचं आहे.

बरं, फळ नको, पान बघू म्हटलं, तर पानाची तऱ्हा त्याहून न्यारी. तुतीच्या एकाच झाडावर, कधीकधी एकाच फांदीवर, एक पान अखंड बदामासारखं आणि शेजारचं पंजासारखं फाटलेलं. सोमवारी एक सही आणि मंगळवारी दुसरी करणारा खातेदार आमच्याकडे आला असता तर मॅनेजरनी त्याला चहा न देताच परत पाठवला असता. शिवाय तुतीत नरझाड वेगळं, मादीझाड वेगळं. काही झाडं दोन्ही भूमिका करतात, आणि काही तर मध्येच भूमिका बदलतात. अशा पक्षकाराची ओळख पटवायची कशी?

या घोळापायी राजेलोकही फसले म्हणतात. इंग्लंडचा पहिला जेम्स राजा. 1609 च्या सुमारास त्याच्या मनात आलं, की रेशीम फ्रान्स-इटलीतून का आणायचं? रेशमाचा किडा तुतीचा पाला खातो, आपणही तुती लावू. हजारो रोपं वाटली. लंडनमध्ये आज जिथं बकिंगहॅम राजवाडा आहे त्याच्या जवळच चार एकरांची खास तुतीची बाग केली. रेशीम काही यथातथाही निघालं नाही. लोकांत गोष्ट अशी रूढ झाली, की किड्याला हवी पांढरी आणि राजानं लावली काळी. इतिहासकार इंग्लंडच्या थंडीलाही दोष देतात, आणि ते खरंही असेल. पण त्या वेळची काही काळ्या तुतीची झाडं तिकडे अजून दाखवतात. रेशमाचं कर्ज बुडालं, तारण तेवढं हिरवंगार आहे!

याहून मोठी बुडीत खाती अमेरिकेत निघाली. 1821 च्या सुमाराला पेरोटे नावाच्या फ्रेंच माणसानं फिलिपीन बेटांतून एक तुती नेली. मुळातूनच अनेक फांद्या फुटतात म्हणून तिचं नाव ठेवलं 'मल्टिकॉलिस', बहुखोडी म्हणा. पानं सुपाएवढी, वाढ भराभर. 1830 च्या दशकात अमेरिकेत तिचं असं वेड पसरलं, की शेतकरी, डॉक्टर, वकील सगळे रोपंच विकू लागले. एकानं रोपं घ्यायची ती दुसऱ्याला विकायला, त्यानं तिसऱ्याला. किडे पाळायला कुणालाच सवड नाही! 1839 साली बाजार कोसळला आणि रोपांना सरपणाचाही भाव येईना. आमच्या बँकिंगच्या परीक्षेला हे उदाहरण का नव्हतं कोण जाणे. ट्युलिपच्या कांद्यांचं होतं.

आणि हे वारं आपल्या दख्खनलाही लागलं होतं बरं का. त्याच 1830 च्या दशकात मुंबई सरकारच्या आशीर्वादानं सिन्योर मुटी नावाचे एक इटालियन गृहस्थ पुण्याकडे तुतीची लागवड करत होते. झुडपं नकोत, मोठी झाडं वाढवा, असा त्यांचा आग्रह. पुढे तो उद्योग टिकला नाही. मुटीसाहेब गेले, तुती राहिली.

आता एवढा गाजावाजा झालेल्या त्या बहुखोडीचं अखेर काय झालं? तर ती स्वतंत्र जात नसून पांढऱ्या तुतीचंच एक रूप, असं आज बरेचसे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे लोकांनी घरंदारं गहाण टाकली ती जुन्याच खात्याच्या नव्या पासबुकावर.

हे कळलं कसं? तर शेवटी झाडालाही अंगठा सापडला. या शोधातलं पहिलं मोठं पाऊल आपल्या एका बाईंनी टाकलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. जानकी अम्माळ, केरळातल्या तलश्शेरीच्या, जन्म 1897. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या इंग्लंडातल्या विस्लीच्या बागेत संशोधन करत होत्या. 1948 साली त्यांनी काळ्या तुतीच्या उगमावर लेख लिहिला. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं नावाचे धागे असतात, त्यात सगळी वंशावळ लिहिलेली असते. माणसाचे 46. पांढऱ्या तुतीचे साधारण 28. आणि बाईंनी काळ्या तुतीचे मोजले ते भरले 308! चौदा-चौदाच्या तब्बल बावीस प्रती. आमच्याकडे एका अर्जाच्या तीन प्रती मागतात तर लोक बोटं मोडतात. 2013 साली चिनी शास्त्रज्ञांनी एका रानतुतीची संपूर्ण जनुकीय संहिता वाचली, तेव्हा तिच्यात सारे 14 धागे निघाले. म्हणजे मूळ प्रत सातचीच, आणि त्या हिशेबानं काळ्या तुतीच्या प्रती झाल्या 44. धागे तेच, बाईंची मोजणी बरोबरच, फक्त भागायचा आकडा बदलला. असा फरक आमच्या ताळेबंदात निघता तर ऑडिटर जेवायला थांबला असता.

मग 2015 साली डीएनएचा एक ठराविक तुकडा निरनिराळ्या तुतींतून काढून शेजारी-शेजारी ठेवला गेला. लिनीयसपासून तोवर या घराण्यात दीडशेच्या वर नावं नोंदली गेली होती. या संशोधकांच्या मते खऱ्या जाती आठच. त्या आठांत काळी आहे, पांढरी आहे, तांबडी आहे. बहुखोडी नाही, आणि आपली 'इंडिका'ही नाही! तीही पांढरीत जमा. सगळ्यांना हा निवाडा मान्य नाही. आपल्याकडच्या रेशीम संशोधनात 'इंडिका' हे नाव अजून चालतंच. खातं बंद झालं तरी लोक जुनं चेकबुक वापरतात, तसं.

पण जातीचं भांडण शास्त्रज्ञांचं. फळं खाणाऱ्याला आणि रोप विकत घेणाऱ्याला पडते ती वाणाची. तुती लावतात कलमाच्या काडीनं, त्यामुळे काडीचं झाड हे आईची हुबेहूब नक्कल असतं. झाड बदलत नाही, नाव मात्र हात बदलला की बदलतं. आपण खानदेशी लोकांना हे नवं नाही. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन अशी नावं आपण मोठ्या ऐटीत घेतो, पण या सगळ्या केळी एकाच कॅव्हेंडिश कुटुंबातल्या. तुतीतही तीच तऱ्हा. आता वाणांसाठी डीएनएवरच्या अशा जागा तपासतात, जिथं तीच दोन-तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. कुठं बारा वेळा, कुठं सतरा वेळा. अशा पुरेशा जागा मोजल्या की झाडाचा अंगठा उमटला. दोन रोपांचे सगळे आकडे जुळले तर झाड एकच, नावं कितीही असोत.

यात एक गोम आहे, आणि ती बँकवाल्याला चटकन कळते. अंगठा जुळवायला आधी नमुन्याचा अंगठा लागतो. यंत्र सांगतं, 'हे दोघे एकच.' त्या एकाचं नाव काय, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते कुणीतरी पूर्वी कार्डावर लिहून ठेवलेलं असावं लागतं, आणि खात्रीच्या माणसानं लिहिलेलं असावं लागतं. नमुन्याचं कार्डच चुकलं असेल तर यंत्र ती चूक दशांश चिन्हापर्यंत अचूक करून देतं.

आमच्या एका खातेदाराच्या, आप्पांच्या, विहिरीवर एक तुतीचं झाड होतं. त्यांच्या आईनं माहेराहून काडी आणून लावलेलं. फळं बोटाएवढी लांब, पिकली की काळीभोर. रस्ता रुंद करताना ते गेलं. भरपाईच्या यादीत झाडाचं नाव आणि 'फळझाड की इतर' असे दोन रकाने होते. आंबा फळझाड, पेरू फळझाड, लिंबूसुद्धा फळझाड. तुती छापील यादीत नव्हती. तिथल्या साहेबांनी विचारलं, "जात कोणती?" आप्पा म्हणाले, "आमच्या आईची." साहेबांनी 'इतर' लिहिलं. इतर म्हणजे सरपणाच्या भावानं.

आप्पा ती नोटीस घेऊन माझ्या काउंटरवर आले. अर्ज मीच लिहून दिला, कारण अर्ज लिहिणं एवढी एकच कला माझ्या अंगी आहे. पण 'जात' या रकान्यापाशी माझंही पेन थांबलं. पांढरी लिहावं तर फळ काळं. काळी लिहावं तर ती इकडची नव्हे. लांब फळाची जी तुती असते तिला पुस्तकांतच दोन नावं. तपासून घ्यावं म्हटलं तर झाडाचा अंगठा काही पहूरच्या स्टँडवर घेत नाहीत, आणि झाड तर तुटलेलं.

"तुटलं म्हणून काय झालं?" आप्पा म्हणाले. "बहिणीला जामनेरला दिली तेव्हा तिनं काडी नेली होती, पीजेच्या गाडीत बसून." ती छोटी पाचोरा-जामनेर गाडी 2020 पासून बंद आहे, पण काडी कधीच पोचली होती. बहिणीकडून तिच्या नणंदेकडे, तिथून शेंदुर्णीला. जामनेरला तिला 'शहतूत' म्हणतात, नणंदेकडे 'लांब तुती'. आणि शेंदुर्णीहून कुणीतरी ती एका रोपवाटिकेला दिली. तिथं ती सध्या 'थाई' म्हणून विकली जाते, दुप्पट भावानं.

मी अर्जात लिहिलं : 'तुती, फळझाड. याच झाडाच्या काड्यांची झाडं चार ठिकाणी हयात असून कोणत्याही वेळी जुळवून पाहता येतील.' खाली आप्पांचा डाव्या हाताचा अंगठा घेतला. अर्ज तीन प्रतींत दिलाय. निकाल अजून यायचाय. परवा आप्पा त्या रोपवाटिकेतून एक 'थाई' विकत घेऊन आले आणि विहिरीच्या पलीकडच्या बाजूला लावली. पावती मात्र त्यांनी जपून ठेवायला माझ्याकडे दिली आहे.