आखूड धाग्याचा कापूस

आज एकच प्रश्न घेऊ. चांगला कापूस कोणता? जन्मभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे माझा पुढचा प्रश्न ठरलेला: चांगला, पण कशासाठी?

आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, म्हणून हलका, असं आपण ऐकत आलो. हा निकाल कुणी दिला? 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी मागणी आली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पण तिकडच्या यंत्रांना लांब धागा हवा होता. यंत्राच्या वेगात आखूड धाग्याचं सूत टिकत नाही. शिवाय गाठी बांधताना कापूस इतका दाबतात, की तो मोकळा करायलाही पुन्हा यंत्रच लागतं.

चरख्याचं तसं नाही. कापूस गावातच वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचा. हाताची ओढ हलकी, पीळ बोटांच्या अंदाजाने. तिथे आखूड धागा चालतो. आंध्रातल्या पोंडुरूची तलम खादी स्थानिक कापसाचीच आहे. तो कापूस माशाच्या जबड्याने विंचरतात! म्हणजे मोजपट्टी गिरणीची होती, आणि ती आपण पऱ्हाटीला लावून बसलो.

परिणाम बघा. स्वातंत्र्याच्या वेळी बहुतेक कापूस देशी होता. 1970 मध्ये संकरित वाण आलं, 2002 मध्ये बीटी. आज 90 टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीचं आहे. देशी पऱ्हाटी पावसाचा खंड सोसते, तिची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरता येते. संकरित बी दरवर्षी विकत घ्यायचं. कोरडवाहू शेतकऱ्याचा खर्च पेरणीआधीच सुरू होतो.

देशीची बोंडं लहान, वेचणीची मजुरी जास्त, हेही खरं. केवळ प्रेमापोटी शेतकऱ्याने ती पेरावी असं मी म्हणणार नाही. त्याला जवळचं गिऱ्हाईक हवं, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे चरखा. पण आज खादीचे पेळूसुद्धा बरेचदा मोठ्या कारखान्यांतून येतात!

म्हणून हातमागाचं कापड घेताना एवढं विचारा: सूत कुठलं? गिरणीचं सूत मागावर चढलं, तर विणकराला मजुरी मिळते, हे चांगलंच. पण कातणारी बाई, पिंजारी आणि शेतकरी, तिघंही बाहेरच राहतात.