गळकाठी : दांडा, कड्या आणि दक्षता
गळकाठीचा कस तिच्या दांड्यात असतो. मध्य प्रदेशातील लोधीखेडा, सौंसर परिसराच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्यात त्यासाठी नर बांबू मिळतो, गोवा-कोकणात माणगा. दोन्ही बहुतांशी भरीव असल्याने लवतात, पण सहजी मोडत नाहीत. बांबू पक्व, सरळ आणि सावलीत वाळवलेला असावा. तयार दांड्यांपैकी फायबरग्लासचा जड पण चिवट, तर कार्बनचा हलका, मात्र आघाताने तडकणारा असतो. दांडा किंचित वाकवून फिरवावा, त्याची ताठ बाजू ओळखावी व कड्या त्या रेषेत बांधाव्यात. शेंड्याकडे कड्या लहान आणि कमी अंतरावर असाव्यात. त्यामुळे ताण विभागला जातो. कार्बन वीजवाहक आहे. म्हणून वीजतारांखाली वा विजांच्या कडकडाटात अशी काठी उभारणे जिवावर बेतू शकते.