पाहिलेले, ऐकलेले आणि आठवलेले

भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांनी जपलेली ‘जेधे शकावली’ इतिहासाच्या शिक्षकांना निदान नावाने तरी माहीत असते. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटना तीत तिथीवार, थोडक्यात नोंदल्या आहेत. शिवरायांच्या जन्मतिथीचा विचार करताना तिचा आधार घेतला जातो, तो यामुळेच. पण राजगड-तोरण्याच्या सावलीत वाढणाऱ्या वेल्ह्याच्या एखाद्या मुलीने विचारले, “लढाई झाली तेव्हा गावातली माणसं कुठे होती?” तर शकावली गप्प बसते. लढाई कधी झाली ते ती सांगते. त्या दिवशी घरात लपलेल्या माणसाचे काय झाले, ते सांगत नाही.

ते सांगायला वाचलेला माणूसच लागतो. मराठीत अशी एक साक्ष आहे. ती आपल्या गडांवरची नाही, झाशीची आहे. पण सांगणारा सह्याद्रीच्या पलीकडचा, पेणजवळच्या वरसईचा. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक.

गोडसे भटजी लढवय्ये नव्हते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असे कळले. दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. सर ह्यू रोजच्या फौजेने १८५८ च्या मार्चमध्ये झाशीला वेढा दिला. ३ एप्रिलला ती शहरात शिरली, तेव्हा भटजी आतच होते. लपून बसलेल्या माणसांची भीती, रस्त्यातली प्रेते, जळणारी घरे हे सारे ते सांगतात. लुटीचे वर्णन तर हिशेबाच्या वहीसारखे आहे: आधी सोनेचांदी गेली, मग तांब्यापितळेची भांडी, पुढे कपडे आणि धान्य. घर टप्प्याटप्प्याने कसे रिकामे होते, हे एवढे स्पष्ट कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

आता शिक्षक म्हणून आपल्यापुढे प्रश्न उभा राहतो. हे खरे कशावरून?

शंकेला जागा आहे. भटजींनी हे लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी त्यात पुष्कळ फेरफार करून १९०७ साली ते छापले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे वाचक वैद्यांचा हात फिरलेली साक्ष वाचत होते. शिवाय बंडाची कारणे सांगताना भटजी एक हकीकत देतात: कलकत्त्यात राजेरजवाड्यांना बोलावून इंग्रजांनी धर्मविरोधी कलमांची यादी वाचून दाखवली. अशी सभा कधी झालीच नव्हती.

मग सारे पुस्तक बाजूला ठेवायचे का? नाही. कलकत्त्याची गोष्ट भटजींनी ऐकलेली आहे, झाशीतली पाहिलेली. एकाच माणसाच्या दोन विधानांचे वजन वेगळे असू शकते. कलकत्त्याची गोष्टही फुकट जात नाही. कलकत्त्यात काय घडले याचा तो पुरावा नव्हे; लोक तेव्हा कशावर विश्वास ठेवत होते, याचा आहे.

झाशीतल्या भागाला दुसरा आधारही मिळतो. रोजच्या फौजेबरोबर असलेला टॉमस लो हा डॉक्टर. त्याने १८६० साली आपले पुस्तक छापले. शहर पडल्यावर दयामाया दाखवली नाही, हे तो लपवत नाही. उलट त्याचे समर्थन करतो. एक साक्षीदार घरात दडलेला, दुसरा मारणाऱ्यांच्या छावणीतला. दोघांना एकमेकांची खबर नाही, दोघांचे हेतू उलट. तरी कत्तलीबाबत दोघे एकच सांगतात. प्रयोगशाळेत दोन वेगळ्या उपकरणांनी तेच माप आले म्हणजे आपला भरवसा वाढतो, तसेच हे.

वर्गात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जून १८५७ मध्ये झाशीतच झोकनबागेत शरण आलेल्या सुमारे साठ युरोपियनांना, त्यांत बायका आणि मुलेही होती, बंडवाल्यांनी ठार मारले होते. पुढच्या कत्तलीला सूडाचे कारण दिले गेले ते हेच. पण एप्रिलमध्ये मेलेल्या बहुतेकांचा जूनच्या हत्येशी काही संबंध नव्हता. हे दोन्ही सांगितले नाही, तर साक्षीचा उपयोग द्वेष शिकवायला होतो.

ही तपासणी मुलांना हातांनी करून पाहता येईल. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. तो दिवस आठवणारी माणसे आज म्हातारी झाली आहेत, पण भेटतात. पूर म्हणजे कत्तल नव्हे. साक्ष तपासण्याची रीत मात्र तीच. मुलांनी दोन वेगळ्या घरांतल्या आठवणी लिहून आणाव्यात आणि वहीत तीन रकाने करावेत: स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले, मागाहून कळलेले. दोन्ही आठवणी कुठे जुळतात, कुठे नाही, ते पाहावे. जिथे जुळत नाहीत तिथे कोणी खोटे बोलतो असे लगेच ठरवू नये. एक टेकडीवर असेल, दुसरा नदीकाठी. आणि सांगणाऱ्याचा आवाज अडला, तर पेन खाली ठेवावे.

एवढे केल्यावर ‘माझा प्रवास’मधली झाशीची पाने वाचायला घ्यावीत. त्या घरांतून मारल्या गेलेल्यांची कुठल्याही शकावलीत नोंद नाही. त्यांच्या वतीने बोलणारा एक भिक्षुक वाचला. त्याचे म्हणणे नीट तपासून ऐकणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.